खंड, वाटा आणि जकात



आपल्या घरांतील मुलें मोबाईलवर जे खेळ खेळतात, ते कोणीं तरी रचलेले असतात. आणि असे खेळ रचण्याची उमेद बाळगणारे तरुण आज अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडांतहि आढळतात. दोनतीन मित्र एकत्र येतात, एका खोलींत संगणक मांडतात आणि नोकरी बाजूस सारून दोनदोन वर्षें एका खेळामागें घालवितात. अशा वेळीं वडील माणसें विचारतात, "यास भांडवल किती लागेल?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, असें मी आज सुचविणार आहें : ज्या अवजारानें हें काम करावयाचें, तें कोणाचें आणि कोणत्या करारानें मिळालें?

या अवजारास गेम इंजिन म्हणतात. फेंकलेला चेंडू खालीं कसा यावा, दिव्याचा उजेड भिंतीवर कसा पडावा, दोन आकृति एकमेकींवर आदळल्या म्हणजे काय व्हावें, याची सारी व्यवस्था त्यांत आधींच केलेली असते. ती स्वतः लिहावयास बसलें, तर खेळ रचण्यापूर्वींच कित्येक वर्षें निघून जातील. म्हणून बहुतेक लहान मंडळी तयार इंजिन दुसऱ्याकडून घेतात.

ही रीत आपल्या उपनगरांस नवी नाहीं. मालाडला १९३४ सालीं निघालेल्या बॉम्बे टॉकीजजवळ स्वतःचा स्टुडिओ व स्वतःचीं यंत्रें होतीं. पुढें स्वतंत्र निर्मात्यांचा काळ आला, आणि स्टुडिओ व कॅमेरा पाळीच्या हिशेबानें भाड्यानें घेऊन चित्रपट काढण्याचा प्रघात पडला. तेथें भाडें आधीं ठरतें. चित्रपट गाजला म्हणून कॅमेऱ्याचा मालक दर तिकिटामागें नवा आकार मागावयास येत नाहीं.

गेम इंजिनाचा मोबदला मात्र तीन प्रकारांनीं मागितला गेला आहे. त्यांना आपल्या जुन्या व्यवहारांतील नांवें देतां येतील : खंड, वाटा आणि जकात.

पहिला प्रकार खंडाचा. 'युनिटी' या इंजिनाच्या 'प्रो' परवान्याचा दर २०२५ च्या आरंभीं माणशीं वर्षाला २,२०० डॉलर झाला. चौघांचे ८,८०० डॉलर. खेळ विकला जावो वा न जावो, खंड द्यावाच लागतो. मात्र ज्यांचें वार्षिक उत्पन्न व मिळालेलें भांडवल २ लाख डॉलरांच्या आंत आहे, त्यांस साधा परवाना फुकट मिळूं लागला. पूर्वीं ही मर्यादा १ लाखाची होती.

दुसरा प्रकार वाट्याचा. 'अनरिअल' इंजिनाचे मालक खेळाच्या पहिल्या १० लाख डॉलर विक्रीवर कांहीं घेत नाहींत. त्यापुढील विक्रीवर शेंकडा ५ घेतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें याच इंजिनावर 'राजी' हा खेळ रचला व २०२० मध्यें प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं २०१७ मध्यें त्यांनीं केलेला लोकवर्गणीचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोंचला नव्हता. हात असे आंखडलेले असतां, पीक आल्यावर वाटा मागणारा मालक परवडतो. परंतु हा वाटा ढोबळ विक्रीवर असतो, हें विसरूं नये. १२ लाख डॉलरांच्या विक्रींतून दुकानदार शेंकडा ३० प्रमाणें ३ लाख ६० हजार कापून घेईल, तरी इंजिनाचा वाटा वरच्या पूर्ण २ लाखांवर, म्हणजे १० हजार, द्यावा लागेल.

तिसरा प्रकार जकातीचा. १२ सप्टेंबर २०२३ रोजीं युनिटीनें जाहीर केलें कीं, १ जानेवारी २०२४ पासून खेळ ज्या ज्या यंत्रांत उतरविला जाईल, त्या प्रत्येकामागें आकार पडेल. साध्या परवान्यावर ही जकात वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख प्रती, या दोन्ही मर्यादा ओलांडणाऱ्या खेळास लागूं होती. दर श्रीमंत देशांच्या यादींत प्रतीमागें २० सेंट आणि इतरत्र २ सेंट. मोबाईलवरील पुष्कळ खेळ फुकट असतात व खेळणाऱ्यांपैकीं थोडेच पैसे देतात. मर्यादेपुढें श्रीमंत देशांत १० लाख प्रती गेल्या, तर जकात २ लाख डॉलर होते. म्हणजे कदाचित् सारें उत्पन्नच! शिवाय पूर्वीं प्रसिद्ध झालेले खेळहि तींतून सुटले नव्हते.

जगभर गिल्ला झाला. दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या, ऑक्टोबरांत कंपनीचे प्रमुख पायउतार झाले, आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजीं ही जकात रद्द करण्यांत आली.

जकात गेली, तरी तिनें दाखविलेला धोका कायम आहे. अर्धा झालेला खेळ एका इंजिनावरून दुसऱ्यावर नेणें म्हणजे पुष्कळसा पुन्हा लिहिणें होय. मालकानें मध्येंच अट बदलली, तर कुळास उठून जातां येत नाहीं. या भीतीनें अनेकांची दृष्टि 'गोडो'कडे वळली. अर्जेंटिनांत तयार झालेलें हें इंजिन २०१४ मध्यें सर्वांस खुलें करण्यांत आलें. त्यास खंड नाहीं, वाटा नाहीं, जकात नाहीं. मात्र प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर त्यांतील खेळ नेण्यासाठीं बहुधा दुसऱ्या तज्ज्ञांस पैसे मोजावे लागतात.

तेव्हां आपल्या घरांतील तरुण या उद्योगास निघाला, तर त्याला परावृत्त करण्यापूर्वीं त्याच्याशेजारीं बसून करार वाचावा. इंजिनाच्या कोणत्या आवृत्तीस कोणत्या अटी लागूं आहेत तें पहावें, त्यांची प्रत जपून ठेवावी, आणि नव्या अटी वाचल्यावांचून आवृत्ति बदलूं नये. हिशेब रुपयांत करावा, कारण देणें डॉलरांत आहे आणि डॉलरचा भाव आपल्या हातीं नाहीं. घर भाड्यानें घेतांना आपण कराराची ओळ न् ओळ वाचतों. मुलाच्या दोन वर्षांच्या श्रमासाठीं तितकी काळजी घेणें कांहीं अधिक नाहीं.