झेडपीचं दार कोणतं, तहसीलचं कोणतं?

गेल्या कार्यक्रमानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, की ग्रामपंचायत आम्हाला कळते, आमदार-खासदार कळतात, पण ही मधली जिल्हा परिषद करते तरी काय? निवडणूक आली की गाड्या फिरतात, हात जोडले जातात, आणि मग पाच वर्षं तिचं नावही कानावर येत नाही.

खरं तर ती आपल्याला रोज भेटते, फक्त आपण तिला ओळखत नाही. पोरं जातात ती गावची मराठी शाळा जिल्हा परिषदेची. धाकटीला खाऊ मिळतो ती अंगणवाडी तिच्या महिला व बालकल्याण विभागाच्या देखरेखीखाली चालते. बाळाला डोस देणाऱ्या नर्सबाई बसतात ते उपकेंद्र आणि त्याच्या वरचं प्राथमिक आरोग्य केंद्रही तिचंच. वाडीपासून फाट्यापर्यंतचा रस्ता बहुतेक वेळा तिच्याच यादीत असतो. म्हणजे बाईच्या दिवसातली निम्मीअधिक कामं झेडपीच्या हद्दीत होतात म्हणा ना!

महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या समितीनं सुचवलं, की जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातल्या निवडून दिलेल्या माणसांकडे द्यावा. तसा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी जिल्हा लोकल बोर्डं होती. जुनी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ते त्यामुळेच. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांना ती नाही, कारण तिथं खेडंच नाही.

रचना सोपी आहे. जिल्ह्याचे गट पाडतात, एका गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य. त्याच गटाचे दोन गण, एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. सदस्यांतून अध्यक्ष निवडतात, आणि शिक्षण, आरोग्य, बांधकाम, महिला व बालकल्याण अशा विषयांच्या समित्या असतात. कागद फिरवायला, पगार काढायला मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. तालुक्याला गटविकास अधिकारी, म्हणजे आपले बीडीओ.

आता महत्त्वाची गोष्ट, दार कोणतं ते. शेजारच्या तालुक्यातल्या काही बायका उपकेंद्राला कुलूप असतं म्हणून तहसील कचेरीत गेल्या. तिथून त्यांना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, तिथले म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. दोन दिवसांची मजुरी बुडाली. बोलणारे खोटं बोलत नव्हते बरं का. ग्रामीण रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली असतं. उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्र मात्र झेडपीचं, म्हणून तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. पण 'आमच्याकडे नाही' म्हणणाऱ्यानं 'मग कुणाकडे' हे सांगायला काय हरकत होती?

तेव्हा लक्षात ठेवा. अंगणवाडीचं काही असेल तर आधी पर्यवेक्षिका, मग बाल विकास प्रकल्प अधिकारी. शाळेचं असेल तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. हातपंप नादुरुस्त असेल तर ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समिती. रेशन, संजय गांधी निराधारचा पगार, सातबारा, हे तहसीलचं, तिथं झेडपीच्या सदस्याला कितीही फोन केले तरी अधिकार त्यांचा नाही. रस्त्याचं जरा गुंतागुंतीचं आहे. गावरस्ते आणि इतर जिल्हा मार्ग झेडपीकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. आपला रस्ता कुणाच्या यादीत आहे हे पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारलं की कळतं.

पैशाचंही थोडं सांगतो. झेडपीचं स्वतःचं उत्पन्न फार नसतं, बरीचशी रक्कम सरकारकडून येते आणि ती कशावर खर्च करायची हेही बहुतेक वेळा वरूनच ठरलेलं असतं. पण जे स्वतःचं उत्पन्न आहे त्यातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचे असा नियम आहे. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलींना सायकल अशा योजना त्यातूनच निघतात. ग्रामपंचायतीलाही तसाच १० टक्क्यांचा नियम आहे. आमच्या गटातल्या एकीनं मासिक बैठकीत विचारलं, गावच्या १० टक्क्यांचं काय केलं? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग वही आली, आकडा वाचला गेला. इतकंच. पण पुढच्या वर्षी तो खर्च बायकांना विचारून ठरला.

या योजनांमध्ये हल्ली बऱ्याचदा वस्तू आधी स्वतःच्या पैशानं घ्यावी लागते, पावती दिली की रक्कम बँकेत येते. मजुरी करणाऱ्या बाईनं गिरणीचे पैसे आधी आणायचे कुठून, हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो आणि तो सभेत मांडण्यासारखा आहे.

मांडायचा कुणी? आपल्या सदस्यांनी. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावीच लागते, आणि अधिकाऱ्यांना तिथं सदस्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. कामं चालू राहिली, पगार झाले. पण प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. शिवाय निवडून आलेलं मंडळ नसेल तर वित्त आयोगाच्या पैशातला त्या संस्थेचा वाटा अडकतो. म्हणून कुणी 'झेडपीची निवडणूक झाली काय, न झाली काय' म्हटलं, तर ते आम्हाला पटत नाही.

२०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यातल्या काही जणी जोरात कामं करतात. काहींना फोन लावला की 'साहेब' उचलतात! अशा वेळी आम्ही एकच करतो. 'वहिनींशी बोलायचंय, त्यांना मत दिलंय' म्हणतो आणि थांबतो. एक-दोनदा कुरकुर होते, मग फोन वहिनींच्या हातात जातो.

शेवटी अर्जाचं. तोंडी सांगितलेलं ऑफिसात टिकत नाही. साधा कागद पुरे. वर कुणाला, खाली कोणाकडून, मध्ये गाव, काम आणि किती दिवसांपासून अडलंय. दोन प्रती करा, एक टपालात द्या, दुसरीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. शक्यतो सात-आठ जणींच्या सह्या असू द्या, अंगठा असला तरी चालतो. महिनाभरात उत्तर नाही आलं, तर तोच आवक नंबर टाकून माहिती अधिकारात विचारता येतं. १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, आणि ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

आमच्या वाडीच्या अंगणवाडीच्या संडासाचा अर्ज असाच दिलाय. सध्या तो अंदाजपत्रकासाठी बांधकाम उपविभागात आहे. तो कोणत्या टेबलावर आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि दर सोमवारी दोघी जणी तिथं जातात.