यंदा मुलांनी काय गावं?

गणपती उठले की आईबाप मला विचारतात, "गुरुजी, यंदा हिला कोणते राग देणार?"

एकदा एका मुलीला मी वर्षात बारा राग दिले. ती परीक्षा पास झाली आणि तंबोरा कोपऱ्यात गेला. चूक माझी होती. तेव्हापासून मी वर्षाला तीनच राग देतो. पाऊस आहे तोवर देस, थंडीत पहाटे भैरव, उन्हाळ्यात संध्याकाळी यमन. एकेका रागाला चार महिने मिळाले की तो गळ्यात मुरतो.

चौथी गोष्ट मात्र मी शिकवत नाही. कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ साली देवासला राहायला आले. काही वर्षं गाणं बंद होतं, पण कान जागे होते. माळव्याची लोकगीतं त्यांनी मन लावून ऐकली आणि त्या धुनांतून पुढे नवे राग उभे केले.

म्हणून अमझेऱ्याच्या प्रत्येक मुलाने यंदा शेजारच्या आजीकडून एक माळवी गाणं शिकावं. पुढच्या गणपतीत ते इथे ऐकू. मोरया!