सोयरीक आणि मैत्री : भारत व मॉरिशस



भारत आणि मॉरिशस यांच्या संबंधांविषयी येथे दिल्लीत जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा रक्ताच्या नात्याचा उल्लेख प्रथम होतो. तो यथार्थच आहे. तथापि नाते वारशाने मिळते. मैत्री मात्र प्रत्येक पिढीला नव्याने संपादन करावी लागते. व्यापार, पर्यटन आणि शिक्षण या तीन क्षेत्रांकडे आपण याच दृष्टीने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांतील बहुसंख्य भोजपुरी प्रदेशातील होते. परंतु मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी आपले सण आणि नाच जतन केले. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. दुसरी जागतिक मराठी परिषदही 1991 साली तेथेच भरली होती. असे असले, तरी मराठी घरांतूनही नित्य व्यवहाराची भाषा आता बहुतांशी क्रिओल आहे. जिव्हाळा टिकला, पण त्याला शब्द देणारी भाषा क्षीण झाली, ही वस्तुस्थिती आपण नजरेआड करू नये.

प्रथम व्यापाराचा विचार करू. 1982 साली उभय देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्याच्या आधारे पुढे मॉरिशसमार्गे फार मोठे भांडवल भारतात आले. मात्र त्यातील पुष्कळसे मूळचे अन्य देशांतील होते. 2016 साली करारात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2017 पासून खरेदी केलेल्या समभागांच्या विक्रीतील नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार भारताला मिळाला. कागदोपत्री वाहणारा पैसा आणि दोन समाजांतील खरीखुरी देवघेव यांतील भेद या अनुभवाने स्पष्ट केला. 22 फेब्रुवारी 2021 रोजी झालेला व त्याच वर्षी 1 एप्रिलपासून अमलात आलेला आर्थिक सहकार्याचा करार म्हणूनच महत्त्वाचा आहे. आफ्रिका खंडातील देशाशी भारताने केलेला अशा प्रकारचा तो पहिलाच करार होय. त्यान्वये भारताच्या 310 आणि मॉरिशसच्या 615 वस्तूंना सवलती मिळाल्या. परंतु यादीत नाव असणे निराळे आणि माल गोदीवर पोहोचणे निराळे. रत्नागिरीच्या वा सिंधुदुर्गाच्या लहान उत्पादकाला या सवलतींची माहिती त्याच्या भाषेत मिळाली, तरच करार त्याच्या उपयोगी पडेल.

पर्यटनाविषयी असे म्हणता येईल की, आपले प्रवासी तेथील समुद्रकिनारे पाहून परततात. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. ज्या दगडी पायऱ्या चढून मजूर त्या भूमीवर आले, त्या पाहिल्यावाचून मॉरिशस पाहिला असे म्हणणे कठीण आहे. उलट दिशेचा प्रवास तर अधिक हृदयस्पर्शी आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. पूर्वजाचे नाव, गाव आणि जिल्हा त्यांत शोधता येतो. परंतु गावाचे नाव हाती घेऊन आलेल्या पाहुण्याने महाराष्ट्रात कोणाचे दार ठोठवावे? दीडशे वर्षांत गावांची नावे आणि जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत. अशा पाहुण्याला वाट दाखवील अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असणे अगत्याचे आहे. भारताने मार्च 2024 मध्ये भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांच्या सातव्या पिढीपर्यंत प्रवासी नागरिकत्वाची सवलत वाढविली. कायद्याने दार उघडले आहे. उंबरठ्याशी स्वागताला कोणी असावे, एवढेच उरले आहे.

शेवटी शिक्षण. तेथील शाळांतून हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठीही शिकविली जाते. जी भाषा घरात बोलली जात नाही ती वर्गात शिकविणारा शिक्षक फार अवघड काम करीत असतो. कोकणातल्या मुलासाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक तेथे तसेच चालत नाही. ऊस, समुद्र आणि क्रिओल यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या मुलासाठी निराळे पुस्तक हवे. ते आपल्या आणि तेथील अध्यापकांनी एकत्र बसून लिहावे. आपल्या विद्यार्थ्यांनीही तेथे जावे. अनेक भाषा आणि धर्म एका लहानशा बेटावर कसे नांदतात, हे शिकण्यासारखे आहे.

मित्रहो, मजुरांना घेऊन गेलेल्या जहाजांनी दोन्ही देशांना जोडले, पण त्या प्रवासात स्वेच्छेचा भाग अल्प होता. आज माल, प्रवासी आणि विद्यार्थी स्वेच्छेने जाऊ-येऊ शकतात. ही ये-जा वाढविणे आपल्या हाती आहे, आणि ती वाढली नाही, तर पुढल्या पिढीला नाते केवळ समारंभातील भाषणांतच ऐकावे लागेल.