पानापानाची पोच

(तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की आपल्या कामातली एकच गोष्ट सांगायची, तीसुद्धा सगळ्यांना कळेल अशी. द्राक्षबागेच्या छाटणीवर आत्ताच जे बोलणं झालं ते सगळ्यांना कळलं, कारण वेल डोळ्यांसमोर आणता येतो. सॉफ्टवेअरची पंचाईत अशी की ते दिसत नाही. म्हणून आपण सगळ्यांनी पाहिलेली आणि आता दिसेनाशी झालेली एक वस्तू निवडली आहे. ती वस्तू म्हणजे फॅक्स.

आपल्या स्टँडसमोर पिवळे फलक असायचे, 'एसटीडी, आयएसडी, फॅक्स'. आत बसलेला माणूस नंबर फिरवायचा आणि पलीकडच्याला सांगायचा, "टोन द्या." मग कर्कश्श शिट्टी ऐकू यायची आणि कागद हळूहळू आत सरकायचा. त्या शिट्टीत नेमकं काय बोलणं चालायचं, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी, २००३ साली पुण्यात शिकायला मिळालं.

काम एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचं होतं. आसपासच्या तालुक्यांतले डॉक्टर सकाळच्या गाडीने रक्ताचे नमुने पाठवायचे आणि संध्याकाळी त्यांना अहवाल हवे असायचे. ईमेल होतं, पण खेड्यातल्या दवाखान्यात संगणक नव्हता. फॅक्स मात्र होता. प्रयोगशाळेतला एक मुलगा रोज संध्याकाळी यंत्रापाशी उभा राहून एकेक अहवाल पाठवायचा. त्याच्या जागी संगणक बसवायचा, म्हणजे फॅक्स सर्व्हर उभारायचा, एवढं आमच्याकडे आलं होतं.

खर्चाला पैसे नव्हते. त्यामुळे बाजूला काढलेला एक जुना संगणक, दोन मोडेम, दोन टेलिफोन लाइन आणि फुकट मिळणारी लिनक्स एवढ्यावर भागवायचं होतं. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तिचाच आधार घेतला. फॅक्सचा प्रोग्रामही फुकटच. सॅम लेफ्लर यांनी तो सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना लिहिला. आधी त्याचं नाव फ्लेक्सफॅक्स होतं, पुढे बदलून हायलाफॅक्स झालं. मागच्या बाकांवर हसू आलेलं दिसतंय! पण 'हायला' हे झाडांवर राहणाऱ्या बेडकांच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव आहे. जीवशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, त्या साक्ष देतील.

आता थोडं भौतिकशास्त्र आणि थोडं गणित. फॅक्सची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली तिचं पेटंट घेतलं. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. आपण पाहिलेल्या यंत्रांचे नियम १९८० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. त्यांत कागदाची प्रत्येक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांची धरतात आणि साध्या प्रतीत एका मिलिमीटरला ३.८५ ओळी. ए-४ आकाराच्या एका पानाचे पावणेवीस लाखांच्या आसपास ठिपके होतात. सेकंदाला ९६०० या वेगाने ते जसेच्या तसे पाठवले तर जवळजवळ साडेतीन मिनिटं लागतील.

म्हणून एक युक्ती करतात. ठिपके पाठवायचेच नाहीत, 'एवढे पांढरे, एवढे काळे' असं मोजून सांगायचं आणि वारंवार येणाऱ्या मोजमापांना आखूड खुणा द्यायच्या. अख्खी कोरी ओळ, ओळ संपल्याची खूण धरून, शून्य-एकच्या फक्त २९ अंकांत जाते. आखूड खुणांची ही पद्धत डेव्हिड हफमन यांची. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत असताना शिक्षकांनी वर्गाला मुभा दिली होती की अंतिम परीक्षेऐवजी निबंध लिहिलात तरी चालेल. त्या निबंधातून ही पद्धत निघाली आणि १९५२ साली प्रसिद्ध झाली. निबंध लिहायला लावणाऱ्या सर्व शिक्षकांच्या वतीने हे मुद्दाम सांगते आहे.

आता ती शिट्टी. फोन करणारं यंत्र थोड्या थोड्या वेळाने ११०० हर्ट्झचा 'पीप' देतं, म्हणजे 'मी माणूस नाही, फॅक्स आहे.' पलीकडचं यंत्र २१०० हर्ट्झच्या लांब सुराने ओ देतं. मग दोघं अगदी सावकाश, सेकंदाला ३०० अंक अशा गतीने बोलतात. उचलणारा आधी आपली कुवत सांगतो: मला एवढा वेग झेपतो, बारीक प्रत घेता येते. पाठवणारा त्यातून निवड करतो आणि दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून रस्ता तपासतो. शून्यं नीट पोचली तर पलीकडून 'पाठव' असं उत्तर येतं. नाही पोचली तर वेग एक पायरी खाली आणून पुन्हा तपासणी: १४४००, १२०००, ९६००, ७२००, ४८००, २४००. दोघांपैकी ज्याची कुवत कमी, त्याच्या चालीने दोघांनी चालायचं. आणि पान संपलं की पाठवणारा थांबतो. पलीकडून 'मिळालं' असा निरोप आल्याशिवाय ते पान पोचलं असं तो धरत नाही. पाच पानं असतील तर पाच वेळा पोच.

मोडेम जोडल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा असतो: फॅक्सच्या कोणत्या पद्धती तुला येतात? आमच्या मोडेमने उत्तर दिलं: ०, १, २. शून्य म्हणजे साधी माहितीची देवाणघेवाण. दुसऱ्या पद्धतीत वर सांगितलेला सगळा संवाद मोडेम स्वतःच करतो आणि संगणकाला शेवटचा निकाल कळवतो. पहिल्या पद्धतीत मोडेम फक्त सूर काढतो आणि ऐकतो. बोलणं संगणकाने सांभाळायचं. आम्ही पहिली घेतली. त्यात संगणकाला काम जास्त, पण प्रत्येक वाक्य वेळेसकट नोंदवहीत उतरतं. कुठे बिघडलं ते वाचून कळतं.

नंबर फिरवण्याचेही नियम लिहून द्यावे लागतात. देश ९१, पुणे २०, बाहेरगावासाठी आधी शून्य, गावातल्या नंबराला पुण्याचा कोड गाळायचा. ऑफिसच्या एक्स्चेंजमधून बाहेरची लाइन घ्यायची तर आधी एक आकडा आणि मग जरा दम. हा दम घ्यायला मोडेमला सांगतात कसं? स्वल्पविराम देऊन. 'स्वल्पविराम आला की किंचित थांबावे' हे मराठीच्या तासाला शिकलो. मोडेम बरोबर दोन सेकंद थांबतो.

हायलाफॅक्समध्ये तीन कामं तीन वेगळ्या प्रोग्रामकडे असतात. एक रांग सांभाळतो, एक मोडेमवर नजर ठेवतो आणि एक ऑफिसातल्या इतर संगणकांकडून कागद स्वीकारतो. नंबर व्यस्त असला तर किती वेळाने पुन्हा लावायचा, किती वेळा लावायचा, किती वाजता नाद सोडायचा आणि सोडला तर कोणाला कळवायचं, हे सगळं ठरवून देता येतं.

चाचण्या सुरू झाल्या तेव्हा एका मोडेमवरून लहान अहवाल जात होते आणि मोठे मधेच फिसकटत होते. नोंदवहीत संवाद ठीक दिसायचा, पण पलीकडे पानाच्या खालच्या भागात नुसत्या रेघोट्या उमटायच्या. संगणक मोडेमला लाइनच्या वेगापेक्षा जास्त वेगाने माहिती देतो. मोडेमची ओंजळ भरली की 'थांब' म्हणायला केबलमध्ये वेगळ्या तारा असतात. दुकानातून आलेली केबल उघडून पाहिली तर आत तीनच तारा जोडलेल्या: द्यायची, घ्यायची आणि अर्थिंगची. 'थांब' म्हणायची तारच नव्हती! सगळ्या तारा जोडलेली केबल आणली आणि रेघोट्या बंद झाल्या.

दुसरा प्रश्न दशांश चिन्हाचा. साध्या प्रतीत ते टिंब जेमतेम एक-दोन ओळींत येतं. लाइनवर खरखर झाली आणि एखादी ओळ बिघडली की बरीचशी यंत्रं तिच्या जागी वरचीच ओळ पुन्हा छापतात. म्हणजे टिंब गायब, आणि हिमोग्लोबिन ११.५ चं ११५! एवढं कोणी खरं मानणार नाही, पण ३.५ चं ३५ झालं की वाचणारा गोंधळतोच. म्हणून आम्ही दुप्पट ओळींची बारीक प्रत वापरायचं ठरवलं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. लागू दे म्हटलं. त्याचा एक फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता. अहवालाखाली मराठीत एक सूचना असायची, तिचे रफार आणि अनुस्वार शाबूत पोचू लागले. ईमेलमध्ये मराठीचे चौकोन होण्याचे ते दिवस होते. फॅक्सला भाषा कळतच नाही, तो ठिपके मोजतो. त्यामुळे मराठी बिनबोभाट जायची.

सगळं चालू झालं. काम ताब्यात घेण्याच्या दिवशी प्रयोगशाळेच्या मुख्य तंत्रज्ञ बाईंना मी यादी दाखवली: अहवाल, वेळ, समोर 'पोचला' अशी नोंद. वयाने आपल्या बाईंएवढ्या, आणि विचारण्याची पद्धतही तशीच. त्या म्हणाल्या, "यंत्राने घेतलं, हे कळलं. डॉक्टरांनी वाचलं, हे कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. फॅक्सच्या नियमांत 'मिळालं' म्हणणारं यंत्र असतं. कागद संपला असेल तर काही यंत्रं पान आपल्या स्मृतीत ठेवतात आणि 'मिळालं' सांगून मोकळी होतात. तेवढ्यात वीज गेली तर ते पान संपलं. पाठवणाऱ्याच्या वहीत मात्र पोच लागलेली.

बाईंनी सुचवलेली सोय साधी होती. ज्या अहवालात धोक्याचा आकडा असेल तो तातडीचा समजायचा. फॅक्सची पोच आली की संगणकाने त्याचं नाव एका वेगळ्या कागदावर छापायचं. त्यासमोर दोन रिकामे चौकोन: फोन कोणी केला, पलीकडे कोणी घेतला. दोन्ही हाताने भरायचे. हे चौकोन भरेपर्यंत संध्याकाळच्या माणसाने घरी जायचं नाही. प्रोग्राम म्हणाल तर वीस ओळींचा. खरं काम त्या चौकोनांत होतं.

पावसाळ्यात एका संध्याकाळी एका रुग्णाचं पोटॅशियम ६.८ आलं. पाचाच्या आसपास त्याची वरची मर्यादा असते. त्याहून इतकं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फॅक्स गेला, पोच आली, नाव कागदावर छापलं गेलं. ड्यूटीवरच्या मुलाने फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "अहवाल? इथे काही आलेलं नाही. यंत्रात कागद नाही आणि अर्ध्या तासापासून लाइट गेलेत." आकडा त्यांनी फोनवरच लिहून घेतला, परत वाचून दाखवला आणि रुग्णाला त्याच रात्री जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, उपचार वेळेत सुरू झाले. आमच्या नोंदवहीत त्या फॅक्ससमोर आजही 'पोचला' असंच असेल, आणि यंत्राच्या बाजूने ते खोटंही नाही.

वीस वर्षांत मी बऱ्याच मोठ्या प्रणालींवर काम केलं. मोडेम गेले, लिनक्स राहिली. पण कुठल्याही नव्या कामात मी बाईंचा तो प्रश्न आधी विचारते: पोच नक्की कोणाची? 'पाठवलं', 'पोचलं' आणि 'कळलं' या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन यंत्राला जमतात. तिसरीसाठी कोणीतरी माणसाने माणसाला विचारावं लागतं. इथे बसलेल्या गुरुजनांना हे सांगण्याची गरजच नाही. फळा भरून झाला म्हणजे धडा झाला, असं आपल्या शाळेत कोणी मानलं नाही. "समजलं का?" असं विचारून आपण माना डोलावल्या, तरी बाई एकाला उभं करून परत सांगायला लावायच्या. आकडा परत वाचून दाखवणाऱ्या त्या डॉक्टरांनी वेगळं काय केलं?

शेवटी एक विनंती. या मेळाव्याचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या तुकडीला गेलं. काही नावांपुढे दोन खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. काहींपुढे एकच खूण आहे. त्या नावांची यादी दाराशेजारच्या टेबलावर ठेवली आहे आणि प्रत्येक नावासमोर दोन रिकामे चौकोन आहेत. जेवायला जाताना एकेक नाव घ्या, नंबर बदलला असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून काढा, आणि फोन करा. आपल्यातलं कोण कुठे आहे आणि कसं आहे, हे आपल्याच कानांनी ऐकू या.