अहिंसाणुव्रत आणि गोठ्यातील वासरू
(व्याख्यान)



श्री कुलभूषण व देशभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेले कुंथलगिरी सिद्धक्षेत्र याच धाराशिव जिल्ह्यात आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांची सल्लेखना १९५५ साली येथेच झाली. हाच भूमचा परिसर खव्यासाठीही प्रसिद्ध आहे. यात्रेकरू येथील पेढा भक्तिभावाने घरी नेतो. ज्या वासराच्या वाट्याचे ते दूध, ते मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे शस्त्र न उचलताही, मुक्या जीवाला केवळ उपाशी ठेवल्याने व्रत मलिन होते. पौष-माघाच्या थंडीत हा दोष वासराच्या जिवावर बेततो.

नवजात वासराच्या अंगी चरबी अत्यल्प असते. हवा साधारण १५ अंशांखाली गेली की, ऊब टिकविण्यासाठी त्याला अधिक आहार लागतो. बालाघाटच्या पठारावर हिवाळ्यात पहाटे पारा त्याखाली उतरतो. अशा वेळी दूध हेच त्याचे इंधन. म्हणून थंडीत वासराचे दूध तोडू नये, उलट वाढवावे. जन्मताच अंग कोरडे करून, नाळेस आयोडीन लावून, पहिल्या दोन तासांत चीक पाजावा. रोगप्रतिकारशक्ती त्याला चिकातूनच मिळते आणि ती शोषण्याची आतड्यांची क्षमता दिवसभरात संपते. तीस किलोच्या वासरास पहिल्या दिवशी सुमारे तीन लिटर चीक हवा.

निवाऱ्यास मोठा खर्च नाही. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचा पडदा असावा. मात्र छताखाली फट ठेवावी, अन्यथा मूत्राच्या उग्र वायूने फुफ्फुसे बिघडतात. खाली गव्हाच्या काडाचा, पाय झाकले जातील इतका जाड थर असावा. त्यावर गुडघे टेकून पाहावे. वस्त्र ओले झाले, तर ती शय्या बदलावी. सकाळी कोवळे ऊन द्यावे.

हे सारे कालवडीस सहज लाभते. खरी कसोटी गोऱ्ह्याची आहे. त्याच्यापासून दुधाचा लाभ नाही, म्हणून त्याचा चीक तोडला जातो, त्याला उघड्यावर बांधले जाते. भगवान ऋषभदेवांचे लांछन वृषभ आहे. त्या चिन्हापुढे मस्तक नमविणाऱ्या श्रावकाने दूध घेताना एवढे विचारावे : वासरू पोटभर प्याले काय? ते कोरड्यात निजले काय? जीवदयेचा निधी गोशाळेस देणे पुण्यकारक आहेच. परंतु व्रताचे पालन घरच्या दावणीपासून सुरू होते.

जय जिनेंद्र!