शाळेचे दार आणि धर्माचा पहारा



धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. विषय आहे शाळेतील अशा मुलामुलींचा, ज्यांची चालबोली इतरांपेक्षा वेगळी असते, ज्यांच्या मनाची ओढ समलिंगी व्यक्तीकडे असते, किंवा जन्मतः लिहिली गेलेली मुलगा-मुलगी ही ओळख ज्यांना आपली वाटत नाही. वर्गात त्यांना 'बायल्या', 'छक्का' म्हणून चिडवतात. मधल्या सुट्टीत मुतारीकडे जायला ती घाबरतात. काहींची शाळाच सुटते आणि घरी खरे कारण सांगता येत नाही. अशा मुलांना शाळेत संरक्षण मिळावे म्हणून कोणी धोरण आणले, की धर्म आणि संस्कृतीची ढाल पुढे करून विरोध सुरू होतो. या वादात आपण बौद्धांनी कोणत्या बाजूला उभे राहायचे, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

उत्तरासाठी प्रथम आपलाच इतिहास पाहू. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हे त्याचे कार्य. सनातन्यांना ते खपले नाही. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे हाच आरोपाचा विषय होता, आणि त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयीचीही शंका होती. कर्व्यांची बाजू न्यायालयात कोणी मांडली? बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी! कामविषयक लिहिले एवढ्याने ते लेखन अश्लील होत नाही, आणि लोकांचे अज्ञान ज्ञान देऊनच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

पुणे कराराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. कोट्यवधी अस्पृश्यांच्या हक्कांचा भार शिरावर असताना बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतले. त्यात लोकप्रियता नव्हती. 'हा आपल्या समाजाचा प्रश्न नव्हे' असे ते म्हणू शकले असते. त्यांनी तसे म्हटले नाही, हे आपण विसरता कामा नये.

आता अलीकडचा काळ घ्या. २००७ साली किशोरवयीनांसाठी आखलेला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्राच्या शाळांतून बंद केला गेला. कारण सांगितले गेले संस्कृतीचे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत, असा निकाल दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, ख्रिस्ती संघटनाही होत्या. एरवी एका सतरंजीवर न बसणारे या प्रश्नावर एकाच बाजूला बसले. ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. ज्या कलम ३७७ ला 'आपली संस्कृती' म्हणून कवटाळले गेले, ते १८६० साली इंग्रजांनी केलेल्या कायद्यातले होते, ही यातली गंमत!

शाळांसाठी प्रयत्न झाला २०२१ साली. एनसीईआरटी या राष्ट्रीय संस्थेने तृतीयपंथी व लिंगओळख वेगळी असलेल्या मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे, याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली. त्यात शौचालयाचा, गणवेशाचा, शिक्षकांच्या वागण्याचा विचार होता. तक्रारी झाल्या. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेपाचे पत्र पाठवले. थोड्याच दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. बालकांच्या हक्कासाठी नेमलेल्या आयोगाच्या आक्षेपावरून बालकांसाठीचीच पुस्तिका मागे जावी, याला काय म्हणावे?

परदेशातही हेच घडते. २०१९ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात पार्कफील्ड शाळेपुढे पालकांनी निदर्शने केली. सर्व प्रकारची कुटुंबे समान आहेत, असे शिकवणारे धडे बंद करा, ही मागणी. निदर्शक बहुतांशी मुस्लिम होते, म्हणजे त्या देशात स्वतः भेदभाव सोसणारा समाज. भेदभाव सोसला म्हणून माणूस आपोआप समतावादी होत नाही, हा त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे.

पालकांचे सगळेच चुकते, असे आमचे म्हणणे नाही. कोणत्या वयाला काय शिकवणार, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे आणि शाळेने नीट उत्तर दिले पाहिजे. परंतु आपल्या मुलाच्या कानावर काय पडावे हे ठरवणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या मुलाला मार खाऊ देणे वेगळे.

आपल्यातले काही जाणकार म्हणतील, विनयात 'पंडक' म्हणून वर्णिलेल्या व्यक्तीला उपसंपदा नाकारली आहे, त्याचे काय? तो नियम आहे, हे आम्ही लपवत नाही. पण तो भिक्षुसंघातील प्रवेशाचा नियम आहे. शाळकरी पोराला हिणवण्याची परवानगी त्यातून निघत नाही. आणि परंपरेत आले म्हणून काहीही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हे कालामांना सांगणारा तथागतच होता. बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांविषयी दयेची प्रतिज्ञा आहे. त्यांत 'हे मूल सोडून' असा अपवाद नाही.

आपल्या वर्ध्यालाही या बाबतीत वारसा आहे. १९२८ साली येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. धर्माच्या पहारेकऱ्यांनी तेव्हाही धर्म बुडाला म्हटले. १९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा विचार देशापुढे गेला. पण सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसणारा, तहान लागली तरी नळाला हात न लावू शकणारा भीमराव हा आपला सर्वांत मोठा वारसा आहे. त्याला वेगळे बसवणारेही धर्माचेच नाव घेत होते.

म्हणून संस्थेच्या सभासदांना आमच्या चार सूचना आहेत. विहारातील रविवारच्या वर्गात कोणालाही देहबोलीवरून हिणवणारा शब्द चालू देऊ नका. आपल्यातील शिक्षकांनी शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ शाळेत वाचून दाखवावे, त्यात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली लैंगिक कल आणि लिंगओळखीवरून होणारा छळ रॅगिंगमध्ये धरला आहे. आणि आई-वडिलांनी मूल काही सांगू लागले तर हात उगारण्यापूर्वी ऐकून घ्यावे. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.

मित्रहो, उद्या हिंगणघाट, आर्वी, पुलगाव किंवा देवळीच्या एखाद्या शाळेत असा वाद उभा राहील. तेव्हा पालकांच्या सभेत आपलाही माणूस बसलेला असेल. त्याने गप्प बसू नये. १९३४ साली बाबासाहेब ज्या बाजूला उभे होते, त्याच बाजूला त्याने उभे राहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!