सायलेन्सर बदलण्याआधी

बुलेटची धडधड गॅरेजसमोर दोन मिनिटं ऐकायला गोड वाटते. पण तीच पुणे ते गोवा कानाशी राहिली तर? एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं, तेव्हा त्यात सेकंदाला 25 स्फोट होतात. मोकळ्या सायलेन्सरमधून त्यांची एकसुरी घरघर होते आणि ती डोक्यात भिनते. मुक्कामाला पोचल्यावरही कान गुंजत असतील, तर तो कानावर ताण पडल्याचा इशारा आहे. हसण्यावारी नेऊ नका.

म्हणून उभ्या गाडीची रेस वाढवून आवाज पारखू नका. ज्यानं तुमच्या मनातला सायलेन्सर बसवलाय, त्याच्या मागे बसून हायवेच्या वेगात अर्धा तास फिरून या. आत जाळीची नळी आणि तिच्याभोवती आवाज शोषणारी लोकर असलेला, खोल पण दबका आवाज देणारा सायलेन्सर मला सर्वांत योग्य वाटतो. त्यातला डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करणारा सुटा भाग, कधीच काढू नका. 175 सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघतानाच 80 डेसिबलची मर्यादा असते. कर्कश सायलेन्सर पोलीस जप्त करतात, त्यांवर रोलरही फिरवतात.

आणि हो, हेल्मेटमध्ये वाऱ्याचाही आवाज खूप असतो. लांबच्या प्रवासात फोमचे इअरप्लग खिशात असू द्या.